बांधावरची कोयनेल

कोयनेल माहीत नसलेला माणूस शहरात विरळा, आणि तिचं फूल पाहिलेला त्याहून विरळा. सोसायटीचं आवार, सरकारी विश्रामगृह, रेल्वेची वसाहत, शाळेच्या मैदानाची कड, कुठेही कमरेएवढं हिरवंगार कुंपण सरळ रेषेत उभं दिसलं की बऱ्याचदा ती कोयनेलच असते. बागांमधले कात्रीनं घडवलेले हत्ती आणि मोर पुष्कळदा तिचेच. हल्ली पिवळ्या पानांच्या ड्युरांटानं तिची जागा घ्यायला सुरुवात केली आहे, पण जुन्या आवारांत अजून तिचंच राज्य आहे.

फूल न दिसण्याचं कारण साधं आहे. कोयनेल नव्या वाढीवर, पानांच्या बेचक्यात फुलते. फांदी हातभर वाढावी, जरा निबर व्हावी, बेचक्यात कळ्या धराव्यात, आणि नेमकी तेव्हाच माळ्याची कात्री फिरावी. पावसाळ्यात तर दर पंधरवड्याला. कुंपण सरळ राहतं, झाड मात्र आपण वर्षानुवर्षं बालवर्गात बसवून ठेवलेलं असतं. वनस्पती ओळखण्याची सगळी शास्त्रीय पुस्तकं फुलाकडे बोट दाखवतात आणि आपण फूलच येऊ देत नाही. मग ती ‘कुंपणाचं झाड’ एवढ्यावरच राहते.

माझं माहेर अलिबाग तालुक्यातल्या खारेपाटातलं. धरमतरच्या खाडीला लागून असलेला हा सखल पट्टा आहे. शेतं भरतीच्या पातळीपेक्षा खाली आणि खाडी वर, अशी उलटी रचना. मधे मातीचे बांध. बांधात ठिकठिकाणी उघाड्या असतात. ओहोटीला त्या उघडून शेतातलं पावसाचं पाणी खाडीत सोडायचं, आणि भरती चढायला लागली की उघाडी आपोआप मिटते. उन्हाळ्यात जमिनीतला खार वर येतो, ढेकळांवर पांढरी साय धरते. पहिल्या दोन-तीन मोठ्या पावसांनी ती धुऊन जाईपर्यंत पेरायचं नाही, हे शाळेत जायच्या आधीपासून कळत असतं. मग त्यात राता, म्हणजे खार सोसणारं तांबडं भात. आता पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्रानं काढलेले पनवेल-1, 2, 3 हे वाणही असतात. घरासमोर तळं आणि तळ्यात जिताडा मासा, हे आमच्याकडे श्रीमंतीचं लक्षण नाही, सवयीचं आहे.

हे सगळं एका बांधावर उभं असतं. बांध फुटला, आमच्या भाषेत खांड गेली, की उधाणाचं पाणी आत येतं आणि पुढची दोन-तीन वर्षं तरी शेत हातचं जातं. याच भागातल्या चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली 1933 ते 1939 असा दीर्घ संप केला. खाडीशी झगडून बांध राखणाऱ्यांच्या हाती पीक किती उरायचं, हा त्यामागचा प्रश्न होता. विषय कोयनेलचा आहे, म्हणून इथेच थांबते. पण बांध म्हणजे नुसता मातीचा ढीग नाही, एवढं लक्षात असलेलं बरं.

त्या बांधावर एक झुडूप असायचं. खाडीच्या बाजूनं खाली चिखलात तिवर, म्हणजे खारफुटीचं झाड, तिवराच्या मागे, बांधाच्या पायथ्याशी काटेरी पानांची, जांभळ्या फुलांची मारांडी, आणि तिच्या वर, उतारावर, हे झुडूप. धड वेल नाही, धड झाड नाही. लांब फांद्या एकमेकींवर लोळलेल्या. पांढरी फुलं, त्यातून बाहेर आलेले जांभळट तुरे. आम्हा पोरांना त्याचा उपयोग म्हणजे क्रिकेटचा चेंडू त्यात गेला की काठीनं शोधायचा. आजी शेळ्या त्या बाजूला बिनधास्त सोडायची. “त्याला ढोर तोंड नाय लावत. कडू जार हाय,” म्हणायची. खरंच, शेळी मारांडीच्या काट्यांतून मान घालून बाकीचं गवत खायची, पण या पाल्याला हुंगून बाजूला व्हायची.

लग्नानंतर मी नवी मुंबईत आले. आमच्या सोसायटीला पुढून-मागून कोयनेलचं कुंपण आहे. त्याच्याकडे मी कधी नीट पाहिलं नव्हतं, आणि पाहण्यासारखं त्यात काही ठेवलंही नव्हतं. 2020 सालच्या टाळेबंदीत माळीकाका गावी अडकले. कुंपण आधी दाढी वाढल्यागत विस्कटलं, मग त्याच्या फांद्या रस्त्यावर लोळू लागल्या. कमिटीच्या ग्रुपवर तक्रारी सुरू झाल्या, पण कापणार कोण? पावसाळा सरता सरता मागच्या भिंतीलगत फुलं आली. पांढरी, तीन-तीनच्या झुबक्यात, जांभळे तुरे बाहेर काढलेली. खारेपाटातल्या बांधावरचं झुडूप चौथ्या मजल्यावरून ओळखू आलं.

तेव्हापासून मला या झाडाचा नाद लागला. जिथे खाडी दिसेल तिथे काठाकाठानं ते शोधायचं, आणि शोधताना जवळपासच्या बाकीच्या झुडपांपासून वेगळं काढायचं. तर ते कसं करायचं, हे सविस्तर सांगते. यात घाई चालत नाही, आणि एका बाबतीत तर निष्काळजीपणा अजिबात चालत नाही.

पहिली गोष्ट, पानांची मांडणी बघा. कोयनेलची पानं समोरासमोर येतात, आणि खालची जोडी ज्या दिशेला, वरची तिच्या काटकोनात. क्वचित एका पेरावर तीन पानंही दिसतात. पान लांबट अंडाकृती, बोटभर किंवा त्याहून थोडं लहान, कड सरळ, दाते नाहीत, वरून गडद आणि चकचकीत, हाताला चामड्यासारखं जाडसर. ही मांडणी का महत्त्वाची? कारण खाडीकाठी गेवा नावाचं झाड असतं, काही भागांत त्याला फुंगळी म्हणतात. लहान असताना लांबून तेही असंच हिरवं, चकचकीत दिसतं. त्याची पानं एकाआड एक असतात आणि पान तोडलं की पांढरा चीक येतो. तो चीक कातडीवर फोड आणतो आणि डोळ्यात गेला तर काही काळ दिसेनासं होतं. म्हणून खाडीकाठच्या कुठल्याही झुडपाचं पान खुडायच्या आधी त्याची मांडणी पाहायची, आणि चीक दिसला की हात लांब. गेव्याची जुनी पानं गळण्याआधी लालभडक होतात, ही आणखी एक खूण. कोयनेलला चीक नाही.

दुसरा गोंधळ तिवराच्या रोपांशी होतो. तिवराचीही पानं समोरासमोरच. पण पान उलटलं की खालची बाजू राखाडी-पांढुरकी निघते, आणि झाडाभोवती चिखलातून वर आलेली पेन्सिलीसारखी श्वसनमुळं असतात. शिवाय तिवराचं पान चाटलं तर खारट लागतं, कारण ते झाड नको असलेलं मीठ पानांवाटे बाहेर टाकतं. उन्हाच्या वेळी त्या मिठाचे कण चमकताना दिसतात. कांदळ या दुसऱ्या खारफुटीची तऱ्हा निराळी, तो बहुतेक मीठ मुळाशीच अडवतो. कोयनेलच्या पानावर तसे कण दिसत नाहीत. जीभ लावाल तर खारट नाही, कडू. आणि तो कडवटपणा बराच वेळ जिभेवर राहतो. शेळीचं म्हणणं तेव्हा पटतं.

तिसरं झुडूप पिलूचं, म्हणजे ज्याच्या काड्या मिसवाक म्हणून दातांना वापरतात ते. रायगडच्या आणि मुंबईच्या खाड्यांच्या कडेला तेही मागच्या कोरड्या भागात वाढतं, त्याचीही पानं समोरासमोर आणि मांसल. पण चुरगाळलं तर मोहरीचा झटका नाकात जातो. कोयनेलचं पान चुरगाळलं तर नकोसा, हिरवट, उग्र दर्प येतो. हा नाकाचा निकष मला पुस्तकातल्या मापांपेक्षा जास्त भरवशाचा वाटतो. पानांची लांबी-रुंदी उन्हात, सावलीत, खारात आणि गोड्या पाण्यात बदलते. वास तेवढा बदलत नाही.

फूल असेल तर मग प्रश्नच मिटला. बेचक्यातून एक देठ, त्यावर बहुधा तीन फुलं. पांढरी, सडपातळ, तीनेक सेंटिमीटर लांब नळी, तिच्या टोकाला पाच पाकळ्या. वनजाई हे तिचं दुसरं नाव यावरूनच आलेलं असणार, कारण लांबून जाईची आठवण होते. पण जाईच्या फुलात दोनच पुंकेसर असतात आणि तेही नळीत लपलेले. कोयनेलचे चार, लालसर जांभळे, नळीपेक्षा कितीतरी बाहेर आलेले. पाकळ्यांखालचा पेला म्हणजे निदलपुंज जवळजवळ सपाट काठाचा असतो, त्यावर पाच दाते असतात खरे, पण इतके बारीक की भिंग लागतं.

हे पुंकेसर दोन पाळ्यांत काम करतात. फूल उमलतं तेव्हा चारही पुंकेसर पुढे ताठ असतात, परागकण मोकळे झालेले, आणि स्त्रीकेसराची दांडी खाली वाकलेली. नंतर पुंकेसर गुंडाळून मागे पडतात, आणि त्यांच्या जागी दांडी सरळ होऊन तिची दुभंगलेली टोकं उघडते. म्हणजे एकच फूल आधी देणारं आणि मग घेणारं. एका झुबक्यात दोन्ही अवस्थांतली फुलं एका वेळी दिसतात. मी हे पहिल्यांदा लक्ष देऊन पाहिलं तेव्हा दोन वेगळ्या जातींची फुलं एका फांदीवर आली असावीत असंच वाटावं, इतका त्यांच्या चेहऱ्यात फरक असतो. संध्याकाळी अंधार पडता पडता स्फिंक्स पतंग येतो, फुलासमोर हवेत स्थिर राहून लांब सोंड नळीत घालतो. तेवढ्या खोल नळीच्या तळाशी पोचायला अशीच सोंड लागते. दिवसा फुलपाखरंही फिरकतात.

फळ बोराहून लहान, हिरवं, मग तपकिरी-काळपट, तळाशी त्याच पेल्यात बसलेलं. सुकलं की त्याचे चार भाग होतात आणि प्रत्येक भागाला स्पंजासारखं, बुचासारखं हलकं आवरण असतं. ते पाण्यावर तरंगतं. भरती त्याला उचलते आणि दुसऱ्या कुठल्या काठावर ठेवते. भारत आणि श्रीलंकेपासून आग्नेय आशिया, उत्तर ऑस्ट्रेलिया आणि पॅसिफिकच्या बेटांपर्यंत हे झुडूप किनाऱ्या-किनाऱ्यानं पसरलं आहे, त्यामागे हेच बूच आहे. सोसायटीच्या कुंपणाला फळ धरायची तर सोयच नाही.

एक फसगत रोपवाटिकेत होते. कोयनेल म्हणून कधी कधी तिची काटेरी बहीण दिली जाते. ती मूळची वेस्ट इंडीजकडची, पण आपल्याकडे कुंपणासाठी फार वर्षांपासून लावली जाते. फुलं अगदी तशीच, पांढरी आणि जांभळ्या केसरांची. फरक असा की तिची पानं लहान असतात आणि पान गळून गेलं तरी देठाचा बुंधा कडक होऊन फांदीवर राहतो, तोच काटा. फांदीवरून बोट फिरवलं की उत्तर मिळतं. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं 1753 मध्ये या दोघींना एकाच वेळी, एकाच प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या एकाच गटात नोंदलं, बिनकाट्याची ती व्होल्कामेरिया इनर्मिस आणि काट्याची ती व्होल्कामेरिया अक्युलिएटा. न्यूरेंबर्गच्या व्होल्कामर नावाच्या वैद्य-वनस्पतिज्ञाची आठवण त्या नावात आहे. पुढे 1788 मध्ये गेर्टनर या वनस्पतिशास्त्रज्ञानं कोयनेलला क्लेरोडेंड्रम या दुसऱ्या प्रजातीत नेलं, आणि सव्वादोनशे वर्षं ती तिथे सुखानं राहिली. जनुकांचा अभ्यास सुरू झाल्यावर 2010 मध्ये असं ठरलं की लिनियसचंच बरोबर होतं. आता ती पुन्हा व्होल्कामेरिया. मधल्या काळात तिचं कुळही बदललं. पूर्वी ती निर्गुंडी आणि सागाबरोबर घाणेरीच्या कुळात होती, आता हे तिघंही तुळशीच्या कुळात. आपल्या कोकणातली भारंगी, जिची पावसाळ्यात भाजी करतात, तीही पूर्वी क्लेरोडेंड्रमच होती. तिलाही आता वेगळं बिऱ्हाड मिळालंय. शास्त्रज्ञांचं हे घर बदलणं ऐकून माझा चुलतभाऊ म्हणाला, “सात-बाऱ्यावर नाव चढवाया आमाला जलम जातो, आन् यांचं बरं हाय.”

या झाडाचं जुनं चित्र मला सर्वांत आवडतं ते ‘हॉर्टस मलबारिकस’मधलं. कोचीनचा डच गव्हर्नर व्हान ऱ्हेड यानं मलबारच्या वनस्पतींवर हा बारा खंडांचा ग्रंथ तयार करवला आणि तो 1678 ते 1693 या काळात ॲमस्टरडॅममध्ये छापला गेला. त्यात हिचं नाव ‘नीर-नोत्सजिल’ असं दिलं आहे, म्हणजे तिथल्या लोकांनी तिला निर्गुंडीची पाणथळीतली भावंड मानलं होतं. कुळ बघता त्यांचा नेम चुकला नव्हता. आणि आपल्यासाठी त्यात आणखी एक ओढ आहे. या ग्रंथाला मदत करणाऱ्यांत रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे तीन कोंकणी वैद्य होते. त्यांनी 1675 मध्ये कोंकणीत, नागरी लिपीत लिहून दिलेलं प्रशस्तिपत्र पहिल्या खंडात तसंच्या तसं छापलं आहे. चित्रांवर वनस्पतींची नावंही लॅटिन, मल्याळम, अरबी यांच्या बरोबरीनं नागरीत कोरली आहेत. डच पुस्तकात किनाऱ्यावरच्या झुडपाशेजारी आपली लिपी पाहताना छान वाटतं, हे कबूल करायला हरकत नाही.

औषधाचं म्हणाल तर जुन्या वनौषधींच्या पुस्तकांत तिचा पाला तापावर आणि त्वचारोगांवर सांगितलेला असतो. मी तो कुणाला द्यायला सांगणार नाही. ज्या पाल्याला शेळी नकार देते त्याचा काढा आपण आंतरजालावर वाचून करू नये. त्यापेक्षा मला दुसरं एक काम जास्त मोलाचं वाटतं. कोयनेलच्या पानांमधून शास्त्रज्ञांनी दोन प्रथिनं वेगळी केली आहेत. ती दुसऱ्या झाडांच्या पानांवर लावली की त्या झाडांमध्ये विषाणूंविरुद्धचा प्रतिकार जागा होतो. तंबाखूसारख्या झाडांवर हे दाखवून झालं आहे. ती कात्री मारलेली पानं दर पंधरवड्याला आपण कचऱ्यात भरतो.

आता लावण्याबद्दल. ही सगळ्यात सोपी बाजू आहे, म्हणून फार लांबवत नाही. आषाढात पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांब काडी घ्यायची, खालचा काप तिरका, दोन-तीन पेरं मातीत आणि दोन वर. वरची पानं अर्धी कापायची. माती निचऱ्याची हवी, सावली थोडी हवी. महिन्याभरात फूट दिसते. कुंपण करायचं असेल तर हातभर अंतराच्या दोन ओळी, एकमेकींच्या मधोमध येतील अशा. पहिल्या वर्षी शेंडे वारंवार खुडले तर झुडूप बुडापासून भरतं, नाहीतर खाली काड्या आणि वर छत्री असं होतं. शत्रू दोनच मोठे, पिठ्या ढेकूण आणि अमरवेल. अमरवेलीचा एक दोरा जरी कुंपणावर पडला तरी त्या फांद्यांसकट काढून जाळायचा, त्यात दया दाखवायची नाही. स्फिंक्स पतंगाच्या शेपटीवर शिंग असलेल्या हिरव्या अळ्या दिसल्या तर त्यांना खाऊ द्यावं. पतंग हवा तर अळी सोसायला हवी.

मला मात्र एक शंका होती. सोसायटीतली कोयनेल पिढ्यान् पिढ्या काडीवरून काडी अशी वाढवलेली, नळाच्या पाण्यावर पोसलेली. ती खार सोसण्याचं विसरली असेल का? म्हणून गॅलरीत दोन प्रकारच्या काड्या लावल्या, काही बांधावरून आणलेल्या, काही कुंपणाच्या. मुळं धरल्यावर त्यांना मिठाचं पाणी द्यायला लागले. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. मी खडेमीठ घेऊन त्याच्या पावपटीपासून सुरुवात केली आणि हळूहळू वाढवत गेले. कुंडीला भोकं मोठी आणि पाणी भरपूर, कारण पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं. निचरा नसेल तर आपण देतो त्यापेक्षा कितीतरी खारट पाणी मुळांशी साचतं. जमीनही अशीच खारपड होते. पाण्याची ओढ लागलेल्या मुळांना बाहेरचं खारट पाणी आत घेता येत नाही, म्हणून पाण्यात उभं असूनही झाड तहानेनं सुकतं.

कुंपणाच्या काड्यांनी सुरुवातीला खालची पानं गाळली. वाटलं, गेल्या. मग नवी पानं आली ती लहान, जास्त जाड आणि जास्त गडद. बांधावरच्या काड्यांना फारसा फरक पडला नाही. चाचणी संपवली तेव्हा दोन्ही प्रकारची झाडं शेजारी ठेवली, तर माझ्याशिवाय कुणाला फरक सांगता आला नसता. हे काही शास्त्रीय संशोधन नव्हे, चार कुंड्यांवरून निष्कर्ष काढायचे नसतात. पण जी गोष्ट मला हवी होती ती कळली. गोड्या पाण्याचे लाड झाले म्हणून खार सोसायची ताकद जात नाही. ती झाडात असतेच, वेळ आली की वापरली जाते.

हे मला कळायला हवं होतं ते गावाकडच्या कारणासाठी. आमच्या शेतापासून थोड्या अंतरावर काही वर्षांपूर्वी बांधाला मोठी खांड गेली, ती वेळेत बुजवली गेली नाही. आत खारं पाणी खेळू लागलं आणि भाताच्या शेतात तिवर उगवलं. आता तिथे माणसाच्या उंचीचं जंगल आहे. खारेपाटात आणि पेणकडे अशा कितीतरी जागा आहेत. कांदळवन तोडायला मुंबई उच्च न्यायालयानं 2005 मध्ये मनाई केली, 2018 मध्ये ती कायम केली, आणि भोवतीची 50 मीटरची पट्टीही त्यात आली. मला हा निर्णय बरोबर वाटतो. नवी मुंबईत राहून, ठाण्याच्या खाडीतले रोहित पक्षी बघत तो बरोबर वाटणं सोपं आहे, हेही मला समजतं. दादाचं म्हणणं वेगळं. “तिवर वाचवाया कोरट हाय. बांध वाचवाया कोन हाय?” यावर मी त्याला काय सांगणार? सात-बारा भाताचा आणि शेतात तिवर, अशी त्याच्या शेजाऱ्याची अवस्था त्याला रोज दिसते. आमचं या विषयावर एकमत होत नाही आणि व्हावं असा हट्टही आता दोघांनी सोडला आहे.

एका गोष्टीवर मात्र झालं. ज्या बांधांवर कोयनेल दाट आहे तिथली माती कमी सुटते, हे तो लहानपणापासून बघत आला आहे. मातीला टेकलेल्या फांद्यांना मुळं फुटतात, गुंता वाढत जातो आणि उधाणाची लाट त्यात मोडते. शेळ्या खात नाहीत, त्यामुळे राखण करायला लागत नाही. बांध फोडायला निघालेल्या मोठ्या उधाणाला नुसती कोयनेल अडवणार नाही. त्याला दगडमाती आणि वेळेवर केलेली डागडुजीच लागते. पण दुरुस्तीनंतरचा उघडा, भुसभुशीत उतार पहिल्या पावसाळ्यात धरून ठेवायला तिच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही.

मग हिशेब जुळला. आमच्या सोसायटीत पावसाळ्यात पोतीच्या पोती कोयनेल कापली जाते आणि कचऱ्याच्या गाडीत जाते. दादाला बांधासाठी काड्या हव्यात. गेल्या आषाढात माळीकाकांनी पोती बाजूला ठेवली, दादा टेम्पो घेऊन आला. जाताना दोघांचं अर्धा तास कात्रीच्या धारेवर बोलणं झालं, त्यात मला कुणी घेतलं नाही. दुरुस्त केलेल्या बांधाच्या खाडीकडच्या उतारावर, उधाणाच्या रेषेच्या जरा वर, त्यानं सगळ्या काड्या खोचल्या. ज्या कोवळ्या होत्या त्या कुजल्या. कुंपणाच्या कात्रीखाली येतात त्या बहुतेक कोवळ्याच. ज्या मुळाशी जाड, करड्या सालीच्या होत्या त्या धरल्या, आणि दिवाळीला गेले तेव्हा त्यांना दोन-दोन हात फूट होती. यंदा मागच्या भिंतीचं कुंपण बुडापासून खाली घ्यायचं आहे, तसंही ते वरून जड आणि खालून पोकळ झालंय. माळीकाकांना सांगून ठेवलंय की कात्री नको, करवत घ्या, आणि निबर फांद्यांची मोळी वेगळी बांधा.